कॅपचा दात आणि चहाचा डाग



घरातली जुनी चिनी मातीची कपबशी उजेडात धरून पाहा. झिलई शाबूत आहे तिथे वर्षानुवर्षे चहा ओतूनही ती पांढरी आहे. पण बारीक तडा गेला किंवा टवका उडाला, तिथे तपकिरी रेघ बसली आहे. दातावर बसवलेल्या चिनी मातीच्या कॅपचेही असेच आहे.

देऊळघाटाहून बुलढाण्याला खेपा घालून, सोयाबीनचे पैसे मोडून माणूस कॅप बसवून घेतो. पुढे ती पिवळट दिसू लागली, की घरात कुणी म्हणते 'डॉक्टरने फसवले', कुणी म्हणते 'चहा सोडा'. दोन्ही बोलणी घाईची आहेत.

चिनी माती दातांसाठी आली तीच मुळी डाग धरत नाही म्हणून. फ्रान्समधील दुशातो या औषधविक्रेत्याची हस्तिदंती कवळी डागळे, तिला वास येई. म्हणून त्याने १७७४ च्या सुमारास चिनी मातीची कवळी करवून घेतली.

मग डाग येतो कुठून? कॅप चावताना उंच लागली, तर डॉक्टर ती यंत्राने घासतात. तिथली झिलई जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि चहा, कॉफी, हळद, तंबाखू यांचा रंग तिथे धरतो. म्हणून खुर्चीवरून उठण्यापूर्वी विचारा, "डॉक्टर, घासलेल्या जागी पुन्हा पॉलिश केले ना?" कॅप चिनी मातीची की प्लास्टिकची, हेही आधीच विचारा. प्लास्टिकची स्वस्त पडते, पण रंग लवकर धरते.

घरी राख, विटकरीची पूड किंवा मिश्री लावू नका. त्यांनी चकाकी जाते आणि मिश्रीतील तंबाखू तोंडाला घातक आहे. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट पुरे. चहानंतर पाण्याची चूळ भरा.

दात पांढरे करण्याच्या औषधाने कॅपचा रंग बदलत नाही. वरवरचा डाग डॉक्टरांच्या पॉलिशने बहुधा निघतो. मात्र हिरडीजवळ काळी रेघ दिसली, तर ती चहाची समजून बसू नका. ती आतल्या धातूची असेल, नाहीतर कॅपखाली दात किडत असेल. ठणका लागण्याची वाट न पाहता दाखवून या.

चहा खुशाल घ्या. झिलई तेवढी जपा.