पाऊल कुठे पडते?

मुंबईच्या पोलीस भरतीसाठी आपली मुले अंधेरीत मरोळपर्यंत जातात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धाव, गुण वेळेवर. त्यासाठी उसनवारी करून महागडे बूट घेतले जातात. बैल लंगडला तर आपण आधी खूर पाहतो, मुलाचे पाऊल मात्र कोणी पाहत नाही.

शेतरस्त्यावर त्याला पळवा व बाजूला उभे राहून पाहा. पाय लांब फेकून टाच गुडघ्याच्या बरीच पुढे आपटत असेल, तर प्रत्येक ढांगेला ब्रेक लागतो आणि हादरा नडगीला, गुडघ्याला बसतो. ढांग आखूड करावी, पावले भरभर टाकावीत, पाय अंगाखाली टेकावा. मुद्दाम चवड्यावर पळू नये. पोटऱ्या भरून येतात.

सावरपाड्याच्या कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावत. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. पण बोरिवली-मुलुंडला मामाकडे राहून सराव करणाऱ्याने सिमेंटच्या रस्त्यावर एकदम अनवाणी उतरू नये. नवी ढब आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटेच. नडगीचे हाड दाबल्यावर एकाच जागी दुखले, तर धावणे बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. भरती तोंडावर असली तरीही.