सहलीची शिदोरी : ‘रामदास’च्या वाटेवरून

मैत्रिणींनो, जिल्हा किनाऱ्याचा असला तरी आपल्या कर्जत-खालापूरकडच्या मंडळींना समुद्र तसा परकाच. जिल्ह्याचं जुनं नाव मात्र कुलाबा, तेही अलिबागच्या पाणकिल्ल्यावरून आलेलं. रायगड हे नाव १९८१ सालचं. आणि खालापूरकरणींनो, तुमच्या दारावरून वाहणारी पाताळगंगा शेवटी धरमतरच्या खाडीलाच मिळते. त्या खाडीच्या तोंडाशी रेवस बंदर.

तेव्हा या सुट्टीत मुलांना घेऊन निघाच. सकाळच्या लोकलनं मुंबई गाठा, तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथलं सागरी वारशाचं दालन आवर्जून पाहा. पूर्वीचे दर्यावर्दी कोणत्या साधनांनी वाट शोधत, हे मुलांना पुस्तकापेक्षा तिथे चटकन कळतं. मग भाऊच्या धक्क्यावर या. २०२० पासून इथून मांडव्याला रो-रो बोट जाते.

बोटीची वाट पाहताना मुलांना ‘रामदास’ची हकिकत सांगा. अगदी लहानग्यांना नको, दहा-बारा वर्षांच्यांना. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढ अमावस्येला घरी निघालेल्या चाकरमान्यांनी भरलेली ही आगबोट सकाळी आठला याच धक्क्यावरून रेवसकडे सुटली. तासही झाला नसेल, काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत ती सापडली. एका बाजूनं पाणी आत आलं, घाबरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला खबर लागायला दुपार उलटली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मात्र हाती लागतील तेवढे जीव होड्यांत ओढून घेतले. अलिबाग-पेणकडच्या जुन्या घरांतून ही आठवण अजून निघते.

आता आपलंच पाहा ना. बोटीभोवती सीगल पक्षी आले की कुरकुऱ्यांची पाकिटं घेऊन सगळी एकाच कठड्याला लोटतात, आणि आपणही “बघ बघ” करत पोराला पुढे ढकलतो! मोठ्या रो-रोचं एक वेळ ठीक, लहान लाँचमध्ये हे मुळीच नको. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा जण दगावले. कित्येकांच्या अंगात जॅकेटच नव्हतं.

म्हणून लाँचमध्ये बसल्याबरोबर जॅकेट मागून घ्या. “उकडतं हो”, “फोटो चांगला येत नाही” या सबबी चालू देऊ नका, घरातल्या पुरुषमंडळींच्यासुद्धा. मुलाला मुलाच्याच मापाचं हवं. पट्टे बांधून खांद्याकडून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. साडी असेल तर पदर आधी कमरेला घट्ट खोचा, मग वरून जॅकेट. खरं तर त्या दिवशी पंजाबी ड्रेसच बरा.

बोट लागत असेल तर मधोमध बसा, नजर दूर क्षितिजावर ठेवा. पर्समध्ये आवळासुपारी असू द्या. निघताना भरपेट वडापाव मात्र नको. आणि पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात, तेव्हा दिवस पाहून ठरवा.

एका दिवसात हे सगळं उरकू नका, दमछाक होते. रात्री अलिबागला राहा. ओहोटीची वेळ आधी विचारून घेतलीत तर कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल. परतताना पेणमार्गे खोपोली, आणि कर्जतकरणींना तिथून लोकल आहेच.