मरणाच्या रजिस्टरात जात का नाही?

माणूस गटारात उतरतो. वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही येत नाही. मग फायर ब्रिगेड येते, दोर सोडते, प्रेतं वर काढते. डॉक्टर फॉर्म भरतो. मरणाच्या कारणाच्या त्या फॉर्मात एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत लगेचचं कारण. त्याखाली, ते कशामुळे झालं. त्याच्याही खाली, त्याआधी काय झालं. म्हणजे फॉर्म स्वतःच सांगतो, की बाबा, मुळापर्यंत जा. डॉक्टर लिहितो, विषारी वायूने गुदमरून. खालच्या ओळी कोऱ्या.

त्या कोऱ्या ओळींत काय लिहायचं ते आपल्याला तोंडपाठ आहे. वायू कुठून आला? मैल्यातून. मैल्यात कोण उतरला? ज्याचा बाप उतरत होता तो. कुणी उतरवला? कंत्राटदाराने. कंत्राटदाराला कुणी नेमला? २०१३ साली कायदा झाला, हाताने मैला उपसायला लावणं गुन्हा. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या. २०२३ ला सांगितलं, ३० लाख द्या. मरणाचा भाव वाढला. उतरवणं थांबलं नाही.

दोस्तांनो, हा लेख मोर्चाचा नाही, मोजणीचा आहे. कंटाळू नका. मोर्चे आपण पुष्कळ काढले. पण समोरचा जेव्हा विचारतो, 'पुरावा काय? आकडा काय?' तेव्हा आपण घोषणा देतो. घोषणेला आकड्याचे दात नसले तर सरकार तिच्याकडे बघून जांभई देतं.

रोग कुणाला होतो, कुठे होतो, का होतो याचा हिशेब ठेवणारं एक शास्त्र आहे. साथरोगशास्त्र. डॉक्टर लोक एपिडेमिऑलॉजी म्हणतात. नाव जड आहे, गाभा सोपा. चौथीतला भागाकार. वर अंश, खाली छेद. वर मेलेली माणसं, खाली त्या वस्तीतली एकूण माणसं. भागा. मग शेजारच्या वस्तीचा तसाच भागाकार करा आणि दोन उत्तरं शेजारी ठेवा. बस्स. ज्याला अंश आणि छेद दोन्ही मिळाले त्याला व्यवस्थेचं पोस्टमार्टेम करता येतं.

१८५४ साली लंडनमध्ये पटकीने माणसं पटापट मरत होती. तेव्हाचे शहाणे म्हणत, घाणेरड्या हवेने मरतात. गरीब घाणेरडे, म्हणून मरतात. जॉन स्नो नावाचा डॉक्टर, कोळशाच्या वखारीत राबणाऱ्या बापाचा पोरगा, म्हणाला, हवा नाही, पाणी. सिद्ध कसं करणार? दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत शेजारी शेजारी होते. हवा तीच, गल्ली तीच, श्रीमंत-गरीब दोन्हीकडे. फरक फक्त पाण्याचा. एक कंपनी शहराचा मैला मिसळलेलं पाणी उचलायची, दुसरी नदीच्या वरच्या अंगाचं. स्नो दारोदार फिरला, कुणाच्या घरात कुणाचा नळ ते विचारलं. सात आठवड्यांचा हिशेब मांडला. पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मरणं. दुसरीच्या १०,००० घरांमागे ३७.

पाणी कुणाचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते याच प्रश्नासाठी. स्नोकडून शिकायचं ते एवढंच, की 'अन्याय आहे' या वाक्याला '३१५ विरुद्ध ३७' अशी धार लावता येते.

आता आपल्याकडे या. आपला भागाकार का होत नाही?

आधी अंश बघा. आपली माणसं दवाखान्यात मरत नाहीत, घरात मरतात. घरात मेलेल्याचं कारण कोण लिहिणार? 'तापाने गेला.' कसला ताप? या देशात नोंदल्या गेलेल्या मरणांपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेली मरणं चौथा हिस्सासुद्धा भरत नाहीत. बाकीच्या मरणांना कारणच नाही!

यावर संशोधकांनी एक रस्ता काढला. मेलेल्याच्या घरी जायचं, बायकोला, आईला विचारायचं. ताप किती दिवस होता, थंडी वाजत होती का, खोकल्यात रक्त होतं का. ते सगळं लिहून घ्यायचं आणि दोन डॉक्टरांनी वेगवेगळं बसून कारण ठरवायचं. याला तोंडी शवविच्छेदन म्हणतात. प्रभात झा आणि रजिस्ट्रार जनरलच्या कचेरीने हे लाखो मरणांबाबत केलं. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये त्यातला मलेरियाचा आकडा आला. जागतिक आरोग्य संघटना भारतात वर्षाला मलेरियाने १५,००० मरतात असं धरून चालली होती. घरोघरी विचारल्यावर अंदाज निघाला २,०५,०००. त्यातले बहुतेक खेड्यात, दवाखान्याबाहेर मेलेले. संघटनेने आकड्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. होऊ दे. पण गोष्ट कळली ना? बाई काय सांगते ते ऐकलं की मेलेली माणसं हिशेबात उभी राहतात.

मुंबईत २०२० च्या जुलैत असंच झालं. पालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन वॉर्डांत रक्त तपासलं. दहिसर, चेंबूर, माटुंगा. तोवर कोविडचा आकडा म्हणजे ज्याची टेस्ट झाली तोच रुग्ण. रक्त तपासल्यावर दिसलं, झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली, बाहेर १६ टक्के. एकच शहर, एकच विषाणू, एकच लॉकडाऊन. पण एका बाजूला दहा बाय दहाची खोली आणि शंभर घरांना एक संडास. 'घरात राहा, अंतर ठेवा' असं टीव्हीवर सांगणाऱ्याला हे आकडे वहीवर लिहून पाठवायला हवे होते.

पण दोस्तांनो, झोपडपट्टी-बिगरझोपडपट्टी ही अर्धीच गोष्ट. त्या ५७ टक्क्यांत कोण आहे? जात विचारली की सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटतात. 'गरिबीचा प्रश्न आहे हो, जातीचा नाही.' बरं. तेही तपासू.

२०२२ साली संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या संशोधकांनी नऊ राज्यांतल्या २ कोटींहून जास्त माणसांची पाहणी चाळली. महाराष्ट्र त्यात नव्हता. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा अशी राज्यं होती. निघालं काय? वरच्या जातीच्या हिंदूंपेक्षा दलित माणूस सरासरी ३ वर्षांहून जास्त आधी मरतो. आदिवासी ४ वर्षांहून जास्त आधी. मुसलमान साधारण एक वर्ष आधी. मग त्यांनी पैशाअडक्याचा फरक हिशेबातून वजा केला. म्हणजे सारख्याच ऐपतीची माणसं समोरासमोर ठेवली. तरी निम्म्याहून जास्त अंतर उरलंच. 'गरिबीच आहे हो' म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरे.

मला मात्र त्या वजाबाकीबद्दलच बोलायचं आहे. संशोधनात ही वजाबाकी सर्रास चालते. उत्पन्न वजा करा, शिक्षण वजा करा, घर वजा करा, मग जे उरेल ते जातीचं. अरे, पण जमीन कुणी नाकारली? शाळेच्या बाहेर कुणी बसवलं? गावकुसाबाहेर घर कुणी बांधायला लावलं? जातीनेच ना? मग जातीनेच केलेलं आधी वजा करायचं आणि उरलेल्या तुकड्याला 'जातीचा परिणाम' म्हणायचं, हा कुठला हिशेब? चोराने दहा वस्तू नेल्या, त्यातल्या सहा आधी बाजूला काढून ठेवल्या आणि कोर्टात म्हणाले, चोरी फक्त चारची. वजाबाकी करू नका असं मी म्हणत नाही. ती उपयोगी आहे, वर पाहिलीच. पण दोन्ही आकडे छापा. वजाबाकीच्या आधीचाही आणि नंतरचाही. आणि वजा काय केलं ते मोठ्या अक्षरात सांगा.

आता मुद्द्यावर येतो. २०२१ ची जनगणना लांबली. २०२५ साली केंद्र सरकारने जाहीर केलं, की पुढच्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजणार. चांगलं आहे. ढोल वाजले. पण भागाकार आठवा. जनगणनेतून काय मिळणार? छेद. कुठल्या जातीची किती माणसं. अंश कुठाय? मरणाची नोंद करताना फॉर्मात धर्म विचारतात, धंदा विचारतात, तंबाखू खात होता का, दारू पीत होता का, किती वर्षं, हेही विचारतात. जात विचारत नाहीत. म्हणजे दोष माणसाच्या सवयीत शोधायला रकाना आहे, व्यवस्थेत शोधायला नाही! बाळांच्या मरणाचे आकडे निदान राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जाती, जमाती असे छापून येतात. पंचेचाळिशीत खोकत गेलेल्या सफाई कामगाराचा हिशेब कुठे छापून येतो?

काही भले लोक म्हणतील, 'मेल्यावर तरी जात काढू नका.' वा रे वा! गावोगाव स्मशान वेगळं ठेवताना जात काढता, प्रेत अडवताना जात काढता, आणि रजिस्टर भरताना तेवढे मानवतावादी होता?

तरीही एक इशारा. मोजलं म्हणजे भलं झालं असं नाही. १९३२ पासून अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीला सरकारी डॉक्टरांनी ६०० काळी माणसं धरली. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना तो सांगितला नाही. गरम जेवण दिलं, दफनाचा खर्च देऊ म्हणाले, आणि ४० वर्षं नुसतं मोजत बसले. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. १९७२ च्या जुलैत वर्तमानपत्राने भांडं फोडलं तेव्हा ते थांबलं. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्या ब्लॅक पँथरने वस्त्यांत फुकट दवाखाने काढले होते, सिकल सेलची तपासणी स्वतः सुरू केली होती. कारण आजार काळ्यांचा, म्हणून कुणाला पडली नव्हती. सिकल सेल आपल्या विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या घराघरांतही आहे. मोजणारा कोण आणि मोजून देणार काय, हे दोन प्रश्न प्रत्येक सर्व्हेवाल्याला दारातच विचारायचे.

मोजून देणारं संशोधनही असतं. झारखंडात २०१९ पासून टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरी हा प्रयोग झाला. बऱ्याच वाड्या आदिवासींच्या. रुग्णाला सगळीकडे रेशन दिलं. पण निम्म्या भागात, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, घरच्यांनाही दिलं. मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ. लस नाही, टीबीचं औषध नाही. तांदूळ-डाळ. २०२३ ला निकाल आला. रेशन मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होणं ३९ टक्क्यांनी कमी. डॉक्टर अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांचं हे काम.

आपल्या आज्या हे सांगतच होत्या, खायला घाला म्हणून. पण आजीचं कुणी ऐकत नाही, '३९ टक्के' ऐकावं लागतं. सरकारने २०२४ ला रुग्णाचे महिन्याचे ५०० रुपये १,००० केले. घरच्यांच्या पोटाचं काय? ते देणगीदार 'निक्षय मित्रां'च्या टोपलीवर सोपवलं. म्हणजे हक्क नाही, दान. फोटोसकट.

म्हणून मागणी साधी आहे. मरणाच्या नोंदीत जातगटाचा रकाना घाला. कामगार कुणाचा, पालिकेचा की कंत्राटदाराचा, ते लिहा. नाव गुप्त ठेवा, आकडे दरवर्षी उघडे करा. कारण नावासकट जातीची यादी पोलिसाच्या टेबलावर गेली तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि तोवर हातावर हात ठेवून बसू नका. तुमच्यात बारावी सायन्सवाले आहेत, बीएस्सीवाले आहेत, मोबाइलवर तासन्‌तास बोटं फिरवणारे आहेत. एक वही घ्या. आपल्या चाळीतली, वस्तीतली सगळी माणसं मोजा. तो छेद. गेल्या पाच वर्षांत कोण गेलं, किती वयाचं, काय काम करत होतं, शेवटचे दिवस कसे होते, ते आयाबायांना विचारा. तो अंश. लिहून घेताना घाई करू नका, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर पेन खाली ठेवा. नाव वहीतच राहू द्या, आकडा बाहेर काढा. मग पलीकडच्या सोसायटीचा हिशेब मागा आणि शेजारी ठेवा.

वॉर्ड ऑफिसात पुढच्या वेळी निवेदन घेऊन जाल तेव्हा ही वही बरोबर असू द्या. भागाकार साहेबाच्या टेबलावर मांडा आणि उत्तर त्याला मोठ्याने वाचायला लावा.