बुद्धाच्या नावाने बॉम्ब

१८ मे १९७४ रोजी राजस्थानातील पोखरण येथे भारताने पहिली अणुचाचणी केली. जग तिला 'स्मायलिंग बुद्धा' या नावाने ओळखते. पुढे ११ मे १९९८ रोजी, नेमक्या बुद्धपौर्णिमेस, तेथेच पुन्हा स्फोट झाले. ज्या देशाने बुद्धाला शतकानुशतके विस्मृतीत लोटले, त्याला बुद्ध आठवला तो बॉम्बचे बारसे करताना! या विटंबनेचा आम्ही निषेध करतो.

आमचेच काही धम्मबांधव मात्र सांगतात की, बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म'मध्ये हत्येची इच्छा आणि हत्येची आवश्यकता असा भेद केला आहे. भेद खरा आहे. परंतु तो विवेकावर उभा आहे. कोणाला, कशासाठी, किती, हे जेथे ठरविता येते तेथेच आवश्यकतेची भाषा शोभते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बने सैनिक आणि अंगावर पिणारे मूल यांत फरक केला नाही. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. शहरातील बहुसंख्य डॉक्टर व परिचारिका स्वतःच मृत वा जखमी होत्या. वैद्यकीचा पेशा करणाऱ्या आम्हांला हे त्या आकड्याहून अधिक छळते: रुग्ण उरतात, त्यांना हात लावणारे उरत नाहीत. जे वाचले त्यांचे केस गळले, हिरड्यांतून रक्त आले, त्वचेखाली जांभळे डाग उठले. काही वर्षांनी अनेकांना रक्ताचा कर्करोग झाला. १९४७ साली अमेरिकेच्या आयोगाने त्यांना तपासले, नोंदी ठेवल्या. उपचार करावयाचे नाहीत, हे मात्र त्याचे धोरण होते. माणसाला माणूस न मानण्याची ही रीत आम्हांस नवी नाही.

'बॉम्ब नसेल तर शेजारी गिळतील,' हा दुसरा युक्तिवाद. मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी चाचण्या केल्या आणि १९९९ साली कारगिल घडले. १९५१ साली मंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी दाखविले होते की, ३५० कोटींच्या महसुलातील सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. आणि दोष त्यांनी मित्र न जोडणाऱ्या परराष्ट्र धोरणाला दिला होता.

भगवंतांनी उपासकांना वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. परदेशी शिकून अभियंते, शास्त्रज्ञ होणाऱ्या आपल्या मुलांना हे कोण सांगणार? जर्मनी बॉम्ब बनवीत नाही हे कळताच जोसेफ रोटब्लाट १९४४ च्या अखेरीस मॅनहॅटन प्रकल्प सोडून गेले. ते बौद्ध नव्हते.

येत्या बुद्धपौर्णिमेस आपल्या संस्थेने भारतीय वकिलातीस निवेदन द्यावे: कोणत्याही शस्त्राशी, कोणत्याही चाचणीशी तथागतांचे नाव पुन्हा जोडले जाऊ नये. पहिली सही आम्ही करू.