आपल्या मुलांच्या ताटात काय आहे?

‘सुरतचे जमण आणि काशीचे मरण’ ही म्हण या शहरात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने कधी ना कधी ऐकलेली असते. सुरती माणूस ती अभिमानाने ऐकवतो आणि आपणही तेवढ्याच आनंदाने मान डोलावतो. घारी, उंधियो, लोचो, खमण, कोवळा पोंक आणि कतारगामची पापडी ज्या शहरात मिळते त्या शहराने खाण्याचा अभिमान बाळगावा, यात गैर काहीच नाही. परंतु गेली पंचवीसहून अधिक वर्षे या शहरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना एक प्रश्न माझ्या मनात वारंवार उभा राहतो. एवढ्या समृद्ध खाद्यसंस्कृतीच्या नगरीत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या ताटात प्रत्यक्षात काय आहे?

आपला समाज इथे रिकाम्या हाताने आला नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे कापडधंद्यात काम शोधत आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली. कोकणातून, देशावरून, विदर्भातून शिक्षक, बँक-कर्मचारी, अभियंते आणि आपल्यासारखे डॉक्टर आले. प्रत्येकाने सोबत आपले स्वयंपाकघर आणले. खानदेशातून कळण्याची भाकरी, भरीत, बिबडे आणि खापरावरचे मांडे आले, तर कोकणातून आमटी, अळूचे फदफदे आणि कुळथाचे पिठले आले. म्हणजे सुरतेत जन्मलेल्या मराठी मुलाला दोन संपन्न खाद्यपरंपरांचा वारसा आपोआप मिळायला हवा होता. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला या दोहोंपैकी फारच थोडे येते, असे माझे निरीक्षण आहे.

दवाखान्यात आलेल्या प्रत्येक मातेला मी एक प्रश्न हमखास विचारतो : “काल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळाने काय काय खाल्ले?” उत्तरे बहुतेक ठरलेली असतात. सकाळी चहा-बिस्कीट किंवा पावडर घातलेले दूध, दुपारी दोन घास वरणभात, मग वेफरचे पाकीट, संध्याकाळी पुन्हा बिस्कीट आणि रात्री ‘जेवतच नाही हो’ म्हणून पुन्हा दूध. लिंबायतच्या गल्लीतून आलेली माता आणि वेसूच्या उंच इमारतीतून आलेली माता यांच्या उत्तरांत विलक्षण साम्य असते. पाकिटाची किंमत तेवढी बदलते. पहिलीचे मूल वजनात मागे पडलेले असते आणि दुसरीचे कधी कधी गुबगुबीत असते, परंतु पापणी खाली ओढून पाहिली की दोघांचीही फिकटच दिसते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील आकडे या निरीक्षणाला दुजोरा देतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण देशात ६७ टक्के, तर आपल्या गुजरातेत सुमारे ८० टक्के आढळले. पाच वर्षांखालील ३९ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले देशभरात शंभरात जेमतेम अकरा होती. हे आकडे दुष्काळी प्रदेशाचे नाहीत. दूध आणि तेलातुपाची रेलचेल असलेल्या राज्याचाही त्यांत समावेश आहे, हे विशेष.

याची कारणे गूढ नाहीत. दुधात लोह जवळजवळ नसते. दिवसभर दुधावर राहणाऱ्या मुलाची भूक मरते आणि लोह देणारे अन्न पोटात जातच नाही. चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण कमी होते, तर लिंबू, आवळा, टोमॅटो यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते वाढते. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम आणि ज्वारीत सुमारे चार मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. डांगच्या डोंगरांत पिकणाऱ्या नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि वर पिळलेले लिंबू हे ताट आपल्या आज्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेविना मांडले होते. अर्थात एकदा रक्तक्षय जडला की तो केवळ आहाराने भरून येत नाही, त्यासाठी लोहाचे औषध द्यावेच लागते. परंतु औषध थांबल्यानंतर मूल पुन्हा त्याच ताटाकडे परतणार असते, हे विसरून चालणार नाही.

मात्र जुने ते सर्व सोने, असे माझे म्हणणे मुळीच नाही. नवजात बाळाला मध चाटवणे, गुटी देणे या रूढी आपल्या घरांतून अजून गेलेल्या नाहीत. एक वर्षाखालील बाळाला मध देणे धोक्याचे आहे, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. दुसरी रूढी वरणाच्या पाण्याची. सहा महिन्यांच्या बाळाला डाळीवरचे पाणी पाजले की आहार सुरू झाला, असे समजले जाते. त्या पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते, पण बाळ वाढत नाही, कारण डाळ भांड्याच्या तळाशीच राहिलेली असते. येथे परंपरेनेच दिलेला दुसरा उपाय मदतीला येतो. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या धान्याचे चमचाभर पीठ दाट, गरम लापशीत मिसळले की ती पातळ होते आणि पाणी न वाढवता बाळाला अधिक अन्न देता येते. आपल्याच शेजारच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला. ज्या घरात नागलीला मोड आणण्याची रीत आहे, त्या घराला डबाबंद आहाराची आवश्यकता का भासावी?

मला वाटते, प्रश्न पोषणाइतकाच प्रतिष्ठेचाही आहे. हिवाळ्यात आपण सहकुटुंब पोंक खायला जातो. शेव, लिंबू, मिरीसाखर यांसह तो चवीने खातो, पाहुण्यांनाही नेतो. हा पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण त्याच ज्वारीची भाकरी डब्यात दिली, तर मूल ती वर्गात उघडायला लाजते, आणि ते लाजते कारण आपण लाजतो. उत्तरायणाला आपण किलोच्या भावाने उंधियो विकत आणतो, पण आदल्या दिवशीच्या भोगीला तीच पापडी, वांगी आणि कंद, सोबत गाजर, ओला हरभरा आणि तिळाचा कूट घालून घरी भाजी करण्याचा व तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा रिवाज किती घरांत उरला आहे? हिवाळ्यातील भाज्या एकत्र शिजवण्याचे शहाणपण तापीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला सारखेच होते. आपण दोहोंमधले घरचे सोडले आणि विकतचे ठेवले.

येथवर वाचून एखाद्या भगिनीच्या मनात योग्य प्रश्न आला असेल : “हे सर्व करायचे कोणी?” या प्रश्नाला बगल देऊन घरच्या जेवणाचे गोडवे गाणे मला अप्रामाणिक वाटते. लिंबायत-उधन्यातील कितीतरी माता घरचे सर्व आवरून साड्यांवर टिकल्या आणि लेस लावण्याचे काम नगामागे मिळणाऱ्या मजुरीवर करतात. नोकरी करणाऱ्या मातेचा दिवस याहून वेगळा नसतो. तिने हातात दिलेले बिस्कीट हा आळस नसून तिला उसंत मिळवून देणारा तो एकमेव उपाय असतो. ‘आईने वेळ काढला पाहिजे’ हा सल्ला देणे सोपे आहे. मी तो देत नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि असंख्य मराठी मुलींनी ते सासरी नेले. आता ते मुलांच्याही हाती द्यायला हवे. बारा वर्षांच्या मुलाला खिचडी, पिठले आणि कोशिंबीर करता आलीच पाहिजे, आणि त्याच्या वडिलांना भाकरी. घरचे अन्न टिकवायचे असेल तर त्याचे कष्ट घरातील सर्वांनी वाटून घ्यावे लागतील. एकाच व्यक्तीच्या पाठीवर उभी असलेली संस्कृती ती व्यक्ती थकली की संपते, आणि आज ती थकली आहे.

याला जोड द्यावी ती लहानशा बागेची. अंगणे गेली, परंतु गच्ची आणि गॅलरी आहेत. सुरतेची दमट, उष्ण हवा अळू, पुदिना, कढीपत्ता, लिंबू यांना मानवते. शेवग्याची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत खोचली तरी फुटते, त्यामुळे सोसायटीच्या कुंपणाशी एक झाड सहज लावता येते. हिवाळ्यात जुन्या टोपलीत विखुरलेली मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. यातून कुटुंबाची भाजी भागणार नाही, हे मी जाणतो. परंतु स्वतः पेरलेली मेथी मूल निदान चाखून पाहते, हा माझा अनुभव आहे. एक वैद्यकीय सूचना मात्र आवर्जून करतो : कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, अन्यथा मेथीसोबत डेंग्यूचे डासही आपणच वाढवू.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना दोन शब्द. लहान बाळांच्या दुधाच्या व आहाराच्या डब्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई केली आणि २००३ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली. हा कायदा दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या आहारापुरता आहे. त्यापुढील वयासाठी उंची आणि बुद्धी वाढवण्याची ग्वाही देणाऱ्या पावडरींबाबत निर्णय आपल्या विवेकावर आहे. ‘जेवत नाही’ या तक्रारीवर भुकेचे टॉनिक लिहायला अर्धा मिनिट लागतो, तर आहार समजावून सांगायला दहा. ती दहा मिनिटे आपण द्यायला हवीत, आणि तीही रुग्णाच्या भाषेत. खानदेशी मातेशी अहिराणीत दोन शब्द बोलता आले, तर ती सल्ला मनावर घेते. अशा स्मरणिकांच्या जाहिरात-पानांवर आणि आपल्या संमेलनांच्या जेवणावळींतही हा विवेक दिसावा. पुढील स्नेहसंमेलनात चायनीजच्या काउंटरशेजारी भाकरी-भरिताची एक चूल असावी आणि तिच्यापाशी आपण पुरुष डॉक्टरांनी उभे राहावे, असा माझा नम्र प्रस्ताव आहे.

सवयी बदलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच शहराकडे पाहावे. १९९४ च्या प्लेगने सुरतेचे नाव अस्वच्छतेशी जोडले गेले होते. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत, अवघ्या दोन वर्षांत, हेच शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. जे रस्त्यांच्या बाबतीत साधले, ते ताटांच्या बाबतीत का साधू नये? त्यासाठी आयुक्तांची वाट पाहण्याचेही कारण नाही. आज रात्री मुलांसोबत बसून, दूरदर्शन संच बंद ठेवून, घरातील सर्वांनी मिळून केलेले एक साधे जेवण जेवावे, एवढ्यापासून सुरुवात पुरे आहे.