लॅबला कुलूप, वही दप्तरात: वीज शिकवायची कुठं?

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक मोठी घोषणा केली. पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारायच्या. २०१६ पासून सुरू असलेल्या या योजनेतून देशात सुमारे १० हजार लॅब आधीच झाल्या आहेत. मूळ योजनेत एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळायचं. सेन्सर, थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्सचे संच, सगळं त्यात आलं. गोव्यातही सरकार ‘केअर्स’ योजनेतून शाळांमध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवत आहे. म्हणजे पैसा आहे, इच्छाही आहे. मग अडचण कुठं आहे?

अडचण अशी, की अटल लॅब ही सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे आणि त्यासाठी जागा लागते, पटसंख्या लागते. सीमाभागातल्या कितीतरी मराठी सरकारी शाळा पाचवी किंवा सातवीपर्यंतच्या आहेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या दोन शिक्षकी शाळेने लॅबसाठी वेगळी खोली आणायची कुठून? जिथं अशी खोली मिळते, तिथंही महागडं सामान मोडेल या भीतीने ते कपाटात बंद राहतं, हे शिक्षकच सांगतील. पाहुणे आले की कुलूप उघडतं, पाहुणे गेले की लागतं.

या सगळ्या गडबडीत एका साध्या वस्तूकडे कुणाचं लक्ष नाही. ती म्हणजे मुलाची वही.

वहीच्या पानावर वीज खेळवता येते. तांब्याची चिकटपट्टी, एक छोटा एलईडी आणि घड्याळात किंवा वजनकाट्यात असतो तसला बटन सेल, एवढंच सामान. पेन्सिलीने पानावर रस्ता आखायचा, त्यावर पट्टी चिकटवायची, एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक बाजूच्या पट्टीवर आणि आखूड पाय उण्याच्या पट्टीवर बसवायचा. पानाचा कोपरा दुमडला की तोच स्विच. सोल्डरिंग नाही, संगणक नाही, भिंतीतल्या विजेशी संबंध नाही. तांब्याची पट्टी नसेल तर स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या पट्ट्याही चालतात. फक्त जोडाच्या जागी डिंक मध्ये येऊ द्यायचा नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जी ची यांनी कागदी सर्किटवर काम केलं आणि पुढे बनी हुआंग यांच्यासोबत ‘चिबिट्रॉनिक्स’ या नावाने चिकटवायचे एलईडी बाजारात आणले. त्यांची शिकवणी पुस्तिका अशी आहे, की वाचता वाचता तिच्याच पानावर सर्किट चिकटवायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या नेक्समॅप या संस्थेने २०१४ च्या सुमारास वही आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र आणणारे उपक्रम केले. त्यात विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर लेखन शिकवणारे शिक्षकही होते, ही गोष्ट फार महत्त्वाची. कारण हे फक्त दिवा पेटवणं नाही, पेटवलेल्या दिव्याबद्दल लिहिणंही आहे.

आपल्याकडे पुण्याच्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी करायला आयुष्य दिलं. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची वाट आहे. म्हणजे स्वस्तात विज्ञान ही काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. नवीन आहे ती वहीची जोड.

एक उदाहरण घ्या. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. म्हादई त्याच तालुक्यात उगम पावते, पण पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी म्हणून पणजीजवळ समुद्राला मिळते. दोन नद्यांचा हा नकाशा पाचवीच्या मुलाने वहीत काढला, नद्यांच्या जागी पट्ट्या चिकटवल्या आणि उगमाजवळ बोट दाबलं की मुखाशी दिवा पेटला, तर भूगोल, विज्ञान आणि भाषा एकाच पानावर येतात. शेजारच्या पानावर त्याने चार ओळी लिहायच्या. मी काय केलं, काय झालं, काय झालं नाही.

‘काय झालं नाही’ यातच खरं शिक्षण आहे. मुलाने एका नदीला लाल आणि दुसरीला निळा एलईडी लावला, दोन्ही एकाच सेलवर शेजारी शेजारी जोडले, तर बहुधा लाल पेटेल आणि निळा पेटणार नाही. कारण लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्याला जवळपास ३ लागतात. लाल आपल्यापुरतं घेतो आणि दाब खाली ओढतो. हे पुस्तकातलं वाक्य पाठ करून कळत नाही. स्वतःच्या वहीत निळा दिवा रुसला की कळतं.

आता मुळाशी येऊ. आपल्या शाळांमध्ये वही म्हणजे काय? फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि तपासायला द्यायचं. पूर्ण वही म्हणजे चांगला विद्यार्थी. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घालून बघितली. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू होता. मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. पान कुठं बांधायचं यावर चर्चा झाली, पानावर काय करायचं यावर नाही. ज्या वहीत न पेटलेल्या दिव्याचं पान आहे, तिला तपासणीस ‘अपूर्ण’ म्हणणार असेल, तर कितीही लॅब आल्या तरी मूल हात लावायला घाबरणारच.

राज्याच्या सीमेपलीकडे राहणाऱ्या आपल्यासाठी यात आणखी एक मुद्दा आहे, भाषेचा. लॅबच्या संचांबरोबर येणाऱ्या सूचना बहुतेक इंग्रजीत असतात. बेळगावचं मूल शाळेत ‘विद्युत परिपथ’ वाचतं, घरी ‘करंट’ म्हणतं. इंदूर-बडोद्याचं मूल शाळेत हिंदी-गुजराती शब्द शिकतं, घरी मराठी बोलतं. वहीत मात्र ते आपल्या भाषेत लिहू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अटल इनोव्हेशन मिशनला मार्च २०२८ पर्यंत मुदतवाढ देताना २,७५० कोटी रुपये मंजूर केले. त्यात २२ अनुसूचित भाषांमध्ये नवोन्मेषाला बळ देण्याचा ‘लिपी’ कार्यक्रमही आहे. मराठी त्या २२ भाषांत आहे आणि तिथं महाराष्ट्रातली मराठी की बाहेरची, असा भेद नाही. हा हक्क मागायला हवा.

अर्थात वही म्हणजे जादू नाही. मोटर, सेन्सर, प्रोग्रॅमिंग यासाठी लॅब लागणारच. आणि एक धोका स्पष्ट सांगायला हवा. बटन सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजू शकतं. म्हणून सेल मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे, धाकट्या भावंडांच्या घरी पाठवायचे नाहीत. संपलेले सेलही कचऱ्यात न टाकता वेगळे जमा करायचे.

मागण्या मोठ्या नाहीत. ज्या शाळेला लॅब मिळेल, तिच्या खर्चातला थोडा भाग आसपासच्या लहान शाळांना पट्टी, एलईडी आणि सेल पुरवायला ठेवावा. वही तपासताना फसलेल्या प्रयोगाची नोंद ग्राह्य धरावी, असं लेखी कळवावं. सूचना मराठीत असाव्यात. शाळा सुधारणा समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढंच विचारावं: लॅब येईल तेव्हा येईल, आमच्या पोराच्या वहीत दिवा कधी पेटणार?