वर्सोवा पुलावरची धडधड

महामार्गावरच्या वर्सोवा पुलाच्या मध्यावर वाहतूक थांबली की पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही, उतरून उभं राहायलाही जागा नसते. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कठडा, खाली वसईची खाडी. अशाच एका संध्याकाळी माझं काळीज एकाएकी धडधडायला लागलं. घामेजलेले तळवे स्टीअरिंगवरून सटकू लागले, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. एसी पूर्ण वाढवला तरी श्वास पुरेना. हार्ट अटॅकच आला, असं वाटलं. पुढे ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ घरात कुणी पित्त म्हणालं, कुणी बीपी लो. तो पॅनिक अटॅक होता, हे कळायला बराच काळ गेला.

धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. अ‍ॅड्रेनलिन उसळतं, श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यानेच मुंग्या येतात, गरगरतं. त्या गरगरण्याचा अर्थ आपण ‘मी मरतोय’ असा लावतो, की भीती आणखी भडकते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये हे दुष्टचक्र नेमकं मांडलं. अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. त्यात शुद्ध सहसा जात नाही, कारण रक्तदाब तेव्हा उतरत नाही, चढतो. मला सर्वांत मोठा धीर याच माहितीने दिला.

खरं नुकसान होतं ते नंतर. आपण वाटा टाळू लागतो. वसईकराला मुंबईकडे रस्त्याने जायचं तर सहसा हाच महामार्ग आणि हाच पूल. मग आधी लोकल बरी वाटते. गाडी न्यायचीच असेल तर फेब्रुवारी 2024 पासून भाईंदरला जाणारी रो-रो बोट आहे. सोय उत्तमच, पण भीतीपोटी धरलेली वाट प्रत्येक वेळी मनाला सांगते, ‘बघ, पूल टाळला म्हणून वाचलीस.’ पुढे पुलाच्या अलीकडचं चिंचोटी नको, मग वसई फाटाही नको होतो. त्यात घरच्यांची माया. ‘अगं राहू दे, मी चालवतो,’ असं नवरा प्रेमाने म्हणायचा आणि मी किल्ली देऊन टाकायची. सप्टेंबर 2022 मध्ये याच महामार्गावर चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला होता. तेव्हापासून तर आमच्या घरी या रस्त्याचं नाव काढायची सोय नव्हती. अपघाताची काळजी रास्तच. तिच्यावर उपाय सीटबेल्ट आणि वेग. पॅनिकवरचा उपाय वेगळा.

तो समुपदेशकाने शिकवला: टाळलेल्या वाटेवर थोडं थोडं परत जायचं. रविवारी पहाटे आधी चिंचोटीपर्यंत, मग मालजीपाडा, मग ससूनवघर, मग पूल. नवरा शेजारी बसायचा, पण किल्ली मागायची नाही, असं ठरलेलं. धडधड आली तर तिच्याशी झगडायचं नाही. वेग कमी करून डावी लेन धरायची, श्वास सावकाश, लांबवर सोडायचा, समोरच्या ट्रकचा नंबर मनात वाचायचा. थांबायचंच तर पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात. पुलावर किंवा रस्त्याच्या कडेला नाही, तिथे मागून येणाऱ्या ट्रकचा धोका खरा असतो. आजही त्या पुलावर छाती कधी कधी धडधडते. मी गाडी चालवत राहते.

छातीत पहिल्यांदाच दुखलं असेल तर आधी हृदयाची तपासणी करा, ती टाळू नका. रिपोर्ट नॉर्मल आले आणि भीती राहिलीच, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. औषध आणि विचार-वर्तन उपचार, दोन्हींचा गुण येतो. कुणाकडे जावं सुचत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फक्त फोन गाडी उभी करून लावा.